नदी बँकेवरून गेली

भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सातवीच्या मुलांना मी एकदा इंग्रजीचा उतारा वाचायला दिला. उतारा पुराचा होता आणि मुद्दाम निवडलेला होता. मला वाटलं, पूर तर यांच्या घरचाच. निदान हा धडा तरी यांना परका वाटणार नाही. त्यात एक वाक्य होतं, 'द रिव्हर ओव्हरफ्लोड इट्स बँक्स.' अर्थ विचारला तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, नदी बँकेवरून गेली." वर्ग हसला नाही. हसलो मी एकटाच. पर्लकोटा नदीचं पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरलेलं त्या मुलांनी पाहिलं होतं. बाजारात शिरलेलं पाणी तेवढी बँक सोडून कसं जाईल, हा त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. तोच प्रश्न पुढे चाचणीत आला, त्या मुलानं तेच उत्तर लिहिलं आणि मी त्याला शून्य दिलं.

त्या शून्याबद्दल मला फार उशिरा लाज वाटली. बाकीच्या मुलांनी 'बँक्स म्हणजे काठ' हे फळ्यावरून उतरवून घेतलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. पण अख्ख्या वर्गात उताऱ्याशी झटापट करणारा तो एकच होता. त्याच्याकडे एक ओळखीचा शब्द होता, डोळ्यांनी पाहिलेला पूर होता, आणि या दोहोंची सांगड घालून त्याने अर्थ काढला होता. वाचन म्हणजे दुसरं काय असतं? कमतरता होती ती एका माहितीची: इंग्रजीत नदीच्या काठालाही 'बँक' म्हणतात, एवढ्याच माहितीची. ती त्याच्यापर्यंत पोचवणं हे माझं काम होतं.

जंगलातल्या मुलांना इंग्रजी 'शून्यापासून' शिकवावं लागतं, असं आपण म्हणतो. खोटं आहे ते. मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द पुष्कळ असतात, फक्त ते शब्दकोशाच्या दाराने आलेले नसतात. 'करंट' म्हणजे विजेचा झटका. शेताभोवती रानडुकरांसाठी तारेत सोडतात तो. आता पुराच्या उताऱ्यात 'द करंट वॉज स्ट्राँग' असं आलं की मुलगा पुरात वीज उतरल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि पाय मागे घेतो. 'कॅम्प' म्हणजे पोलिसांचा कॅम्प. गडचिरोलीच्या दक्षिण भागात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. मग 'फॅमिलीज वेअर मूव्हड टू अ कॅम्प' या वाक्यात कुटुंबांना मदत मिळाली की त्यांना धरून नेलं? 'अलर्ट'चंही तेच. हवामान खात्याचा अलर्ट नंतरचा. आधी ऐकलेला अलर्ट बंदोबस्ताचा. हे शब्द मराठीत आणि माडियात रुळताना आपापला इतिहास घेऊन आले आहेत, आणि गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत तो इतिहास पुण्या-मुंबईतल्यासारखा नाही. उतारा निवडणाऱ्याला हे ठाऊक नसतं, तो दोष नव्हे. पण शिकवणाऱ्याने ते विचारूच नये, हा मात्र दोष आहे.

आणि इंग्रजी ही या मुलांची दुसरी भाषा नसते, हेही मांडून ठेवलं पाहिजे. भामरागड-एटापल्लीकडचं मूल घरी माडिया बोलतं. धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, वडसा या पट्ट्यात झाडीबोली, जी 'ण' आणि 'ळ' यांच्या वाटेला फारशी जात नाही. तिथलं मूल 'पानी' म्हणतं, 'डोरा' म्हणतं आणि पहिलीतच बाईंकडून 'पाणी', 'डोळा' असं दुरुस्त करून घेतं. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. म्हणजे 'येर' म्हणणाऱ्या मुलाला आधी 'पाणी' शिकायचं, ते 'पानी' नव्हे हे शिकायचं, आणि २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून असल्यामुळे त्याच वर्षी 'वॉटर'ही शिकायचं. एका घोटासाठी चार शब्द. इतक्या वाटा चालून आलेल्या मुलाला आपण 'कच्चा' म्हणतो!

राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. गडचिरोलीत त्याचा अनुभव काय आहे? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा सुरू केली आणि तिथे पुढे समीक्षा आमटे यांनी लहान मुलांसाठी माडिया भाषेत पुस्तकं केली. अशी कामं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकी ठिकाणी मूल भाषेचा उंबरठा एकट्यानेच ओलांडतं. धड ओलांडलं तर हुशार, अडखळलं तर गळती.

मला यात मातृभाषेचा झेंडा घेऊन इंग्रजीविरुद्ध उभं राहायचं नाही. आईबापांना इंग्रजी हवी आहे आणि त्यांचं बरोबर आहे. तहसीलातला कागद, मोबाईलवरचा संदेश, औषधाची चिठ्ठी, खाणीच्या जनसुनावणीतला जाडजूड अहवाल हे सगळं कुठल्या भाषेत येतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. ज्याची मुलं इंग्रजी शाळेत आहेत त्याने आदिवासींना मातृभाषेचं महत्त्व सांगू नये, हा टोमणा मी स्वतः ऐकला आहे आणि गिळला आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. इंग्रजी वाचायला शिकवायची असेल, तर ज्या विषयात मुलाला पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं त्या विषयापासून सुरुवात करा. दक्षिण गडचिरोलीत तो विषय पूर आहे.

याला आधार आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी एक साधा प्रयोग केला. शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात तरबेज पण खेळाबद्दल अडाणी, तर काही वाचनात कच्ची पण खेळ कोळून प्यायलेली. उतारा जास्त कुणाला समजला आणि लक्षात राहिला? खेळ जाणणाऱ्या कच्च्या मुलांना. तरबेज वाचकांपेक्षा ती पुढे गेली. बेसबॉलच्या जागी पूर घाला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडजवळ भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. ठेंगणा पूल बुडतो, आल्लापल्लीचा रस्ता तुटतो आणि गाव बेट होतं. २०१९ च्या पावसाळ्यात हे पुन्हापुन्हा झालं. तिथल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं की पाणी समोरून येत नाही, आधी नाल्यातून मागच्या अंगाने येतं. टोंगळ्याइतक्या पाण्यात माणूस उभा राहतो पण वाहत्या पाण्यात तेवढ्यातही पाय सुटतो, हे तिला ठाऊक असतं. पाण्याचा रंग बदलला, वरून पालापाचोळा आणि ओंडके येऊ लागले, की अजून चढणार हेही. क्रमिक पुस्तकात पुरावर पाठ लिहिणाऱ्याला यातलं किती माहीत असेल? त्याच्या पाठात 'पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे, उंच जागी जावे, अफवांवर विश्वास ठेवू नये' एवढं असतं.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी मुलांनी आपल्या बोलीत पूर सांगायचा. शिक्षकाने ऐकायचं आणि न समजलेलं विचारायचं; मुलं गुरुजींना शिकवतात तेव्हा वर्गाचा नूरच पालटतो. अंगणात काडीने नदी, नाला, पूल, शाळा, बांध्या काढायच्या आणि पाणी कुठवर आलं होतं तिथे खडे ठेवायचे. मग तेच मराठीत. मग त्यातली सहा-सात वाक्यं इंग्रजीत, मुलांनी सांगितलेली आणि शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली. 'द वॉटर केम फ्रॉम बिहाइंड.' 'वुई टुक द गोट्स टू द स्कूल.' हा मुलांचा पहिला इंग्रजी पाठ. वाचायला तो अवघड जात नाही, कारण पुढच्या शब्दात काय असणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हेच केलं होतं. त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कुठला शब्द हवा, आणि मुलं भीतीचे, मायेचे शब्द मागत. तेच शब्द मुलांच्या डोक्यात टिकत. आपल्याकडे जन्माने अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला राहून मराठी वाचन कसं शिकवावं यावर उभी हयात घालवली, तीही मुलाच्या बोलण्यातल्या भाषेचा हात धरूनच. परदेशातून आलेल्या एका बाईला मराठी मुलाची बोली महत्त्वाची वाटली. आपल्याला माडिया मुलाची वाटायला काय हरकत आहे?

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ज्या मुलाचं घर गेलं, ज्याच्या घरातलं माणूस वाहून गेलं, त्याला पुन्हा पुराबद्दल बोलायला का लावायचं? लावू नयेच. कुणी गप्प बसला तर त्याला बसू द्यावं, त्याला खडे मांडायला सांगावेत. पण 'मुलांना त्रास नको' म्हणून पूर वर्गाबाहेर ठेवणारी शाळा दुसऱ्या तासाला त्याच मुलांना जपानच्या भूकंपाची चित्रं दाखवते, तेव्हा मला त्या काळजीबद्दल शंका येते.

लांबच्या आपत्तींचे धडे नकोत असंही नाही. एनसीईआरटीच्या 'हनीड्यू' या आठवीच्या इंग्रजी पुस्तकात त्सुनामीवरचा पाठ वर्षानुवर्षे होता. त्यात टिली स्मिथची गोष्ट आहे. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमध्ये फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर दहा वर्षांच्या या इंग्लिश मुलीने समुद्राचं विचित्र फेसाळणं पाहिलं, ही त्सुनामीची लक्षणं आहेत असा आरडाओरडा केला, किनारा रिकामा झाला आणि माणसं वाचली. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या भूगोलाच्या तासाला ते शिकवलं होतं. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. आपण ती मुलांना 'शाळेत लक्ष दिलं की असा फायदा होतो' म्हणून सांगतो. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते: टिलीला तो धडा तिच्या आईच्या भाषेत शिकवला होता. तिला 'फेस'साठी शब्द शोधावा लागला नाही. आपल्या एकलव्य निवासी शाळेतल्या आदिवासी मुलासाठी मात्र तोच धडा म्हणजे शब्दार्थ, रिकाम्या जागा आणि पाच गुण.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांना तितकी प्रिय नाही. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे, भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळचं. तिथे १९०७ साली मोठी लाट आली होती. बेटावरच्या लोकांनी तिला 'स्मोंग' हे नाव दिलं आणि आज्यांनी नातवंडांना सांगून ठेवलं, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगराकडे पळा. २००४ मध्ये बेटाच्या सुमारे ७८ हजार लोकांपैकी सात जण दगावले. ना भोंगा, ना मोबाईल. सत्त्याण्णव वर्षं तोंडातोंडी जपलेला एक शब्द. टिलीची गोष्ट शिकवताना स्मोंगची शिकवली नाही तर मुलाला वाटतं, ज्ञान नेहमी पुस्तकातून आणि लांबून येतं; आपल्या आज्याला जे कळतं ते म्हणजे अनाडीपणा. दोन्ही शेजारी ठेवल्या तर तो घरी जाऊन आज्याला विचारेल, तुमच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं? उत्तर माडियात येईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते इंग्रजीत लिहावंसं वाटेल.

इथवरचं बोलणं अर्थ कळण्याबद्दल झालं. माझ्या मते वाचन एवढ्यावर संपत नाही.

'नॅचरल डिझास्टर' हा शब्द मुलांना शिकवताना मला नेहमी अडखळायला होतं. मराठीत आपण 'नैसर्गिक आपत्ती' म्हणू लागलो ते अलीकडे. त्याआधी आपल्याकडे फार नेमकी जोडी होती: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून कोसळतं ते सुलतानी. शेतकऱ्याला कुठल्या संकटाचं बोट कुणाकडे दाखवायचं ते कळत असे, आणि दोन्ही एकत्र येतात हेही. पाश्चात्त्य अभ्यासकांनी १९७६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लेख लिहून नैसर्गिक आपत्तींतलं नैसर्गिकपण काढून टाका असं म्हटलं. संयुक्त राष्ट्रांनी नव्वदचं दशक 'नैसर्गिक आपत्ती' कमी करण्यासाठी पाळलं आणि पुढच्या कार्यक्रमाच्या नावातून 'नैसर्गिक' हा शब्द गाळला. आपल्या जुन्या जोडीकडे पाहिलं असतं तर इतका वळसा पडला नसता.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीचा वैनगंगेचा पूर घ्या. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी आलं आणि गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले. ब्रह्मपुरी तालुक्यातली, वडसा-आरमोरीकडची काठची गावं पाण्याखाली गेली, रोवणी झालेलं धान कुजलं. पाऊस अस्मानी. पण पाणी कधी, किती आणि खालच्या गावांना किती आधी सांगून सोडायचं, हे आभाळ ठरवत नाही. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यात गोदावरी-प्राणहितेने काठची गावं आणि शेतं बुडवली. तिथले शेतकरी पलीकडच्या तेलंगणाच्या मेडीगड्डा बंधाऱ्याकडे आणि त्याच्या ८५ दरवाजांकडे बोट दाखवतात. चंद्रपुरात इरई चढली की रहमतनगरात पाणी शिरतं, आणि त्या नदीच्या काठाला कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर आहेत. यातलं काय नैसर्गिक आणि काय नाही, हे सातवीतलं मूल विचारू शकतं. त्यासाठी त्याला वाक्य उलगडता आलं पाहिजे.

आणि इथे इंग्रजीचं रूक्ष व्याकरण एकदम जिवंत होतं. सातवी-आठवीला कर्मणी प्रयोग शिकवतात, 'पॅसिव्ह व्हॉइस'. 'राम किल्ड रावण' आणि 'रावण वॉज किल्ड बाय राम' यांची अदलाबदल करून मुलं पार कंटाळतात. त्याऐवजी फळ्यावर लिहा: 'द गेट्स वेअर ओपन्ड. वॉटर वॉज रिलीज्ड. द व्हिलेजेस वेअर फ्लडेड.' तिन्ही वाक्यं व्याकरणाला धरून आहेत आणि तिन्हींत कर्ता गायब आहे. मराठी बातमीतही तो गायबच असतो: 'विसर्ग करण्यात आला', 'सतर्कतेचा इशारा देण्यात आला'. कुणी केला? कुणी दिला? कुणाला दिला? कर्तरी करून लिहा म्हटलं की मुलाला कर्ता शोधावा लागतो. तो उताऱ्यात सापडत नाही. मग तो घरी विचारतो, ग्रामपंचायतीत विचारतो. व्याकरणाच्या एवढ्याशा स्वाध्यायातून इतकं बाहेर पडतं.

आकड्यांचंही तसंच. 'दहा हजार क्युसेक' हे पेपरात वाचून कुणालाच काही होत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेक हे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर. मुलं मग टँकर मोजू लागतात आणि वर्गात शांतता पसरते. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी आणि लाल, केंद्रीय जल आयोगाची इशारा पातळी आणि धोक्याची पातळी, हे शब्द इंग्रजीच्या पुस्तकात कुठेच का नसावेत? मुलाच्या घरातल्या एकुलत्या मोबाईलवर टॉवर असेल त्या दिवशी येणारा इशारा त्याच्याशिवाय घरात कुणी वाचणार नाही. त्याच्या आयुष्यातली इंग्रजीची पहिली खरी परीक्षा हीच आहे, आणि तिथे शून्य मिळालं तर फेरपरीक्षा नाही.

शिक्षकांकडून फार मागतो आहे, हे मला कळतं. बदलीवर आलेल्या मास्तराला माडिया येत नाही, वर्ग एक आणि इयत्ता तीन, पूर आला की शाळेत आठवडाभर गाव राहतं आणि गेल्यावर गाळ काढायला तोच. त्याच्या माथी आणखी एक 'उपक्रम' मारावा आणि त्याचे फोटो वर पाठवायला सांगावेत, हा माझा हेतू नाही. उलट सगळे उपक्रम बंद करून पुरानंतरचा एक आठवडा त्याला मुलांचं ऐकायला मोकळा द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातला एक पाठ कमी झाला तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. पुराचा उतारा द्याल तेव्हा 'बँक्स' या शब्दाचा अर्थ जरूर विचारा. पण त्याच्याखाली एक प्रश्न असाही असू द्या, 'हू ओपन्ड द गेट्स?' दोन गुणांचा असला तरी चालेल.